‘ब्लॉकबस्टर’ तिकिटांच्या रांगेतून आलेला नाही

इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीत थिएटरबाहेरच्या रांगेचा फोटो आला की त्याखाली हा मजकूर हमखास फिरतो: ‘तिकिटाची रांग इमारतींच्या अख्ख्या ब्लॉकला वळसा घालायची, म्हणून तो चित्रपट ब्लॉकबस्टर. १९७५ च्या ‘जॉज’पासून हा शब्द रूढ झाला. आज शंभर कोटींच्या वर गेला की ब्लॉकबस्टर.’ तिन्ही विधाने चुकीची आहेत.

आधी रांग. ‘बस्ट’ म्हणजे फोडणे. वळसा घालणे नव्हे. घर फोडतो तो घरफोड्या, तसा ब्लॉक फोडतो तो ब्लॉकबस्टर. आणि फोडणारी वस्तू खरोखरच होती: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने वापरलेला ४,००० पौंडांचा, म्हणजे १,८०० किलोहून थोडा जास्त वजनाचा बॉम्ब. तो १९४१ मध्ये पहिल्यांदा जर्मनीतल्या एम्डेनवर पडला. त्याचे पोलादी कवच मुद्दाम पातळ ठेवलेले, त्यामुळे वजनाचा सुमारे पाऊण भाग स्फोटकाचाच. स्फोटाच्या दाबाने आसपासची छपरे आणि खिडक्या उडत, मग मागून टाकलेले आगलावे बॉम्ब उघड्या घरांत पडत. वैमानिकांत त्याचे नाव ‘कुकी’. ‘ब्लॉकबस्टर’ हे नाव १९४२ च्या सुमारास वर्तमानपत्रांतून पसरले. एवढ्या संहाराचा शब्द करमणुकीला चिकटला, हे रांगेच्या गोड गोष्टीमुळे विसरले जाते, म्हणून ती खोडायलाच हवी.

काही जण हा शब्द ‘ब्लॉक बुकिंग’शी जोडतात: एका चित्रपटासोबत स्टुडिओचे इतर चित्रपटही थिएटरच्या गळ्यात मारायचे, ही पद्धत. ती पद्धत मोडणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९४८ मध्ये. तोवर हा शब्द जाहिरातीत येऊन गेलेला होता.

ती जाहिरात १९४३ ची, आरकेओ कंपनीच्या ‘बॉम्बार्डियर’ या युद्धपटाची. १९५१ मध्ये ‘व्हरायटी’ या अमेरिकी चित्रपट-व्यवसायाच्या नियतकालिकाने ‘क्वो व्हाडिस’ या चित्रपटाला बॉक्स ऑफिसवरचा ब्लॉकबस्टर म्हटले. ‘जॉज’ त्यानंतर २४ वर्षांनी आला. त्याचे महत्त्व निराळे: टीव्हीवर जाहिरातींचा मारा करून २० जून १९७५ रोजी तो अमेरिकेत ४०९ थिएटरांत एकदम लावला. उन्हाळी मोठ्या चित्रपटांचा धंदा त्याने घडवला, शब्द नव्हे.

राहिले शंभर कोटी. २३६ रुपयांच्या तिकिटातले ३६ रुपये १८ टक्के जीएसटीचे. उरलेल्या २०० मधून मल्टिप्लेक्समध्ये वितरकाला पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे मिळतात आणि पुढच्या आठवड्यांत त्याचा वाटा घटत जातो. म्हणजे शंभर कोटींच्या ढोबळ गल्ल्यातले वितरकाच्या हाती ४२-४३ कोटींहून अधिक क्वचितच पडतात. खर्च ऐंशी कोटींचा असेल तर थिएटरमधल्या कमाईच्या हिशेबात तो चित्रपट तोट्यात, आणि खर्च पाच कोटींचा असेल तर त्याच आकड्यावर तुफान नफ्यात. खर्च न सांगता नुसता गल्ला सांगणारे पोस्टर काहीच सिद्ध करत नाही.

भाषांतर करणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. इंग्रजीत प्रचंड खर्चाच्या, अजून प्रदर्शितही न झालेल्या चित्रपटाला ब्लॉकबस्टर म्हणतात आणि तो पुढे आपटूही शकतो. मराठीत मात्र हा शब्द फक्त यशासाठी रुळला आहे. तेव्हा पहिल्या अर्थी ‘भव्य खर्चाचा’ आणि दुसऱ्या अर्थी ‘तुफान चाललेला’ असे वेगवेगळे लिहावे.