षष्ठीचं पाणी

आमच्या घरच्या ग्रुपवर दर फाल्गुनात एकच भांडण निघतं. एकनाथ महाराजांची पुण्यतिथी, नाथषष्ठी, तोंडावर आली की पैठणला येणाऱ्या वारकऱ्यांच्या स्नानासाठी नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणातून, गंगेत पाणी सोडा, अशी मागणी होते. गंगा म्हणजे आमची गोदावरी. लगेच दुसरी बाजू उठते : बागा वाळू लागल्यात आणि अंघोळीला कसलं पाणी? यंदा माझ्या आतेभावाने लिहिलं, "नाथांनी काशीहून आणलेली कावड तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. आज ते गाढव म्हणजे माझी मोसंबी. नाथ असते तर अंघोळीला एक थेंब सोडू दिला नसता." पुण्याच्या दोघांनी आणि ठाण्याच्या एकीने खाली टाळ्या टाकल्या. ज्यांच्या दारात ना बाग आहे ना गंगा, त्यांच्या त्या टाळ्यांनी मला जास्त राग आला.

मी स्वित्झर्लंडमधल्या बाझलहून लांबलचक उत्तर लिहिलं. तेच इथे पुन्हा मांडते, कारण मला ते पटलेलं आहे.

आतेभावाची मोसंबी मी पाहिली आहे. दुष्काळात त्याने टँकर विकत घेऊन झाडं जगवली, काही तोडून सरपण केली. त्याचं दुःख खोटं नाही. पण षष्ठीला सोडलेलं पाणी काही समुद्राला जाऊन मिळत नाही. घाटावरून पुढे गेलं की आपेगाव-हिरडपुरीच्या बंधाऱ्यांकडेच जातं, आणि तिथेही शेतकरीच आहेत. नाथसागर उथळ आणि पसरट. उन्हाळ्यात ऊन त्यातलं किती पाणी पिऊन टाकतं, त्यावर आमच्या ग्रुपवर कधी शब्द निघत नाही. उसावर निघत नाही. वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून समन्यायी वाटपाचं पाणी खाली सोडायचं म्हटलं की दरवेळी कोर्टकचेरी होते, त्यावर सगळे दोन दिवस बोलतात आणि गप्प बसतात. हिशोब मागायचा तो फक्त तीन दिवसांच्या अंघोळीचा. डोक्यावर तुळस घेऊन चालत आलेली बाई पाण्याची उधळपट्टी करते, असं आपल्या शिकलेल्या माणसांना फार सहज वाटतं.

जुलैत इथे ऑफिस सुटलं की मी विकेलफिशमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पोहायच्या पिशवीत, कपडे कोंबते, टिंगुएली संग्रहालयापाशी राइन नदीत उतरते आणि ड्रायरोझेन पुलाच्या आत बाहेर पडते. सोबत शेकडो माणसं असतात : बँकेतले, शाळकरी, सत्तरीतल्या बायका. हीच राइन एकेकाळी गटार होती. या शहराचं सांडपाणी 1982 मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू होईपर्यंत थेट नदीत जायचं. नोव्हेंबर 1986 मध्ये इथून जवळच श्वाइत्सरहालेला रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली, पाणी लाल झालं आणि ईल माशांचा खच पडला. माझी शेजारीण तेव्हा लहान होती. त्या दिवशी खिडक्या बंद करून घरात बसवलं होतं, हे ती अजून सांगते. लोक रस्त्यावर आले. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी मिळून ठरवलं की 2000 पर्यंत या नदीत सॅल्मन मासा परत आला पाहिजे. आज पाण्यावर साधा तवंग दिसला तरी ही पोहणारी माणसं फोन फिरवतात, कारण ते पाणी त्यांच्या नाकातोंडात जाणार असतं.

माझं म्हणणं इतकंच आहे. पाण्यात उतरणारं माणूस राहिलं नाही, तर नदीसाठी भांडणारंही कोणी राहणार नाही. पैठणच्या घाटावरून माणूस उठवलं की गोदावरी हा फक्त टीएमसीचा, अब्ज घनफुटांचा, आकडा उरतो. नाथसागर भरला की 102 टीएमसी, त्यातलं वापरायचं 76. लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये पायाभरणी केली, इंदिराजींनी 1976 मध्ये धरण देशाला अर्पण केलं, आणि तेव्हापासून गावच्या अगदी वरच्या अंगाला ते 27 दरवाजे उभे आहेत. घाटाला पाणी लागायचं की नाही, ते दरवाजे ठरवतात. माझ्या आजोबांचं जुनं गाव त्याच पाण्याखाली आहे. ज्यांनी घरं दिली त्यांच्या लेकीसुनांना षष्ठीला घागरभर वाहतं पाणी मागावं लागतं, याची मला चीड येते.

आणि घागर मी उगाच म्हणत नाही. तुकाराम बीजेपासून नाथवाड्यातला रांजण भरायला लागतात. श्रीखंड्याच्या रूपात देवाने ज्यात पाणी भरलं, तोच हा रांजण, अशी श्रद्धा आहे. आत्या दरवर्षी गंगेवरून घागर आणून त्यात ओतते. गंगा कोरडी पडली तर तिने ती घागर कुठे भरायची? टँकरवर?

आतेभावाने गाढवाची गोष्ट सांगितली, तशी दुसरीही पैठणच्या लेकराला माहीत असते. नाथ अंघोळ करून वर आले की एक जण त्यांच्यावर थुंकायचा, नाथ पुन्हा गंगेत उतरायचे. असं 108 वेळा झालं. त्यांच्या शांतीची गोष्ट म्हणून ती सांगतात. मला तिच्यातली गंगा दिसते, एकशे आठव्या वेळीही घाटाला लागून वाहणारी. 1599 मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी देह ठेवला तोही तिच्याच पाण्यात.

आमच्यातल्या काकांनी माझी बाजू घेत लिहिलं, "गंगा कधी बाटत नसते." मला तेही नको. नाशिकपासून वाटेतल्या गावांचं सांडपाणी पोटात घेऊन ती येते. तिला आई म्हणायचं आणि तिच्या पाण्याची तपासणी मागायची नाही, हे मला जमत नाही.

इथवर मी ग्रुपवर लिहिलं होतं. त्याखाली आतेभावाचा एवढाच प्रश्न आला : "ताई, तीन वर्षांखाली तू षष्ठीला आली होतीस. तू उतरली होतीस का गंगेत?"

चार दिवस मी उत्तर दिलेलं नाही.

नव्हते उतरले. आत्या लुगड्यानिशी पाण्यात गेली, तीन बुड्या मारल्या, सूर्याला ओंजळ दिली. मी वरच्या पायरीवर बूट घालून तिची पिशवी सांभाळत उभी होते. पाण्यावर द्रोण आणि प्लास्टिक तरंगत होतं. परतीचं विमान चार दिवसांवर होतं, पोट बिघडलं तर काय, हे डोक्यात होतं. मोबाइलवर फोटो मात्र काढले.

गेल्या वर्षी नागरिकत्वाच्या मुलाखतीत विचारलं, उन्हाळ्यात काय करता? मी म्हणाले, राइनमध्ये पोहते. समोरच्या तिघांचे चेहरे एकदम सैल झाले, मी त्यांच्यातली झाले. आता इथला पासपोर्ट आला आहे, भारताचा परत केला. ज्या नदीत मी दर आठवड्याला बिनधास्त उतरते, तिच्या काठी माझं कोणी जन्मलं नाही की गेलं नाही. बाबांच्या अस्थी पैठणला गंगेत सोडल्या, तेव्हा मी व्हिसाच्या कागदांत अडकले होते, आणि नंतर आले ती अशी बूट घालून.

आत्या पायऱ्या चढून वर आली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या लांबून आलीस, अन् कोरडीच चाललीस व्हय गं?" मग ओल्या पदराने तिने माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं. ते पाणी ओठांना लागलं. मी तिच्या नकळत पिशवीतली बाटली काढून चूळ भरली.

आतेभावाला आज हे सगळं लिहून पाठवते आहे. खाली एवढंच विचारलं आहे, की पुढच्या षष्ठीला आत्यासोबत घागर घेऊन मी आले तर चालेल का.