मलमल पाहिजे, पांढरी

नवरात्रासाठी हिने कपाट उघडलं, लग्नातल्या पैठणीची जरी काळवंडलेली निघाली आणि ऑक्टोबर हीटच्या भर दुपारी माझी रवानगी नागपूरच्या इतवारी बाजारात झाली. मलमल आणायला. पांढरी, सुती.

दुकानदार गादीवर रेलून मोबाइल बघत होता.

"पांढरी मलमल दाखवा. बारा मीटर."

त्याने मोबाइल पालथा ठेवला. आवाज खाली आणला. "कोन जी?"

"कोण म्हणजे? घरचंच काम आहे. बायकोचं."

"अरे बाप्पा! वय काय होतं?"

"होतं नाही, आहे!"

एवढ्यात शेजारच्या स्टुलावरचे आजोबा सरसावले. डोक्याला दुपट्टा, मांडीवर उशीच्या खोळी, आणि दुसऱ्याच्या दुःखात शिरायची जबरदस्त हौस.

"आजारी होत्या काय जी?"

"आजोबा, ती ठणठणीत आहे."

"असंच म्हन्ते मानूस," त्यांनी दुकानदाराला समजावलं. "पयले दोन दिवस खरं वाटत नाई." मग माझ्याकडे वळून, "घाट कोनता? गंगाबाई का मोक्षधाम?"

"अहो, साड्यांसाठी पाहिजे! साड्या गुंडाळायच्या आहेत."

आजोबा एकदम गंभीर झाले. "साडीच नेसवा लागते ना बावा. सवाष्ण गेली. हिरवी पाहिजे." आणि दुकानदारावर उखडले, "सवाष्णीले पांढरं कायले देऊन रायला? काही समजते काय तुले?"

दुकानदार ओशाळला. त्याने खरोखर हिरव्या साड्यांचा गठ्ठा उतरवला. एक बाई ब्लाउजपीस बघता बघता थांबल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. माझी बायको तेव्हा घरी फॅनखाली बसून, मी कुठे उलथलो म्हणून फोनवर फोन करत होती. फोन खिशात वाजत होता. आजोबा म्हणाले, "उचला. पाहुने निघाले असन."

मग मी भर दुकानात व्याख्यान दिलं. म्हटलं, खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते आणि वर सोन्याचा मुलामा. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते, डाग पडतात. डांबरगोळी जरीला लागू द्यायची नाही. म्हणून सुती कापडात गुंडाळायचं. मलमलीतून हवा खेळते.

आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "चांदी हाय म्हन्ता, त मंग लॉकरमधी ठेवा ना. कपाटात कायले ठेवता?"

ज्या नागपुरात 1877 साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, ज्या गावात कोष्टी-हलबांच्या घराघरांत माग खडखडत होते, तिथे आज पांढरं कापड मागितलं की माणूस गेला असंच धरतात. मिलच्या जागेवर मॉल उभा आहे. तिथे गारवा आहे, पण सुती मलमल मागून बघा.

राग मात्र खरा मला ड्रायक्लीनवाल्याचा आहे. भरपूर पैसे घ्यायचे, साडी कडक घडीत प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायची आणि वर म्हणायचं, "एकदम सेफ आहे काका." पावसाळाभर ती पैठणी त्या सेफ पिशवीत घामेजत राहिली. साडी विकणाराही तसाच. पदर उलगडून नक्षीचं कौतुक तासभर ऐकवेल, जरी खरी की तांब्याची हे विचारलं की चहा मागवेल. घड्या अधूनमधून बदला, नाहीतर रेशीम त्याच रेषेवर चिरतं, एवढं एक वाक्य बिलावर छापायला काय जातं?

असो. शेवटी मलमल फाडली गेली. भाव जास्त वाटला म्हणून मी घासाघीस सुरू केली, तर दुकानदाराने हळूच हात जोडले. "अशा टायमाले भाव नाई करत जी." आजोबांनी मान डोलावली. त्या बाईंनीही. तीन जणांच्या सांत्वनापुढे मी पूर्ण पैसे मोजले.

घरी येऊन हकिगत सांगितली. हिला घाट, हिरवी साडी, कशाचंच काही वाटलं नाही. "मीटरमागे किती घेतले?" सांगितलं. "लुटलं तुम्हाला."

मग ते कापड मीच भिजवलं, कारण नव्या कापडात खळ असते आणि खळीला कसर लागते. वाळवलं मी, इस्त्री मी केली. हिच्या आजीची कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवतकाठी साडी निघाली, काठावर करवतीचे दाते, भंडाऱ्याकडच्या विणकरांनी तीन धोट्यांनी विणलेली. तिचं एक टोक हिच्या हातात, एक माझ्या. "जुन्या रेषेवर घडी नको म्हटलं ना! अन् हात पुसले का?" पुसले होते.

आता प्रत्येक साडीला स्वतंत्र गुंडाळी, म्हणून जागा जास्त लागते. माझा खण गेला. शर्ट बंगईवर, म्हणजे घरातल्या झोपाळ्यावर आहेत. पाहुणे आले की मी ते उचलून पलंगावर टाकतो, झोपायच्या वेळी पुन्हा बंगईवर. त्यांना गुंडाळायला थोडी मलमल उरली आहे का, विचारलं. पदर राहिलेत म्हणाली.