पंचवीस मोठे की सत्तर?

मटण घेताना कोल्हापूरचा माणूस कुणाला हार जात नाही. चाप घाल, नळी घाल, चरबी बाजूला काढ, असं फर्मावत तो काट्यावर नजर रोखून उभा असतो. बकरं कुठल्या बाजारातलं हेसुद्धा तो मांसाच्या रंगावरून सांगतो. (ते खरं असतंच असं नाही, पण खाटीक वाद घालत नाही.)

माझी सासुरवाडी मात्र रत्नागिरीची. मेहुणा सहकुटुंब यायचा होता आणि दिवस जूनअखेरचे. यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे आंबा घाट चढून येणारी ताजी मासळीही आटलेली. 'मटणच करू की,' म्हटलं तर बायकोनं नुसतं बघितलं. सासऱ्यांना फोनवर पिशवीतल्या गोठवलेल्या कोळंबीचं सांगितलं तर म्हणाले, "त्यापेक्षा शेवग्याच्या शेंगा आणा." तरी मी आदल्या रात्री चष्मा लावून तिच्याबद्दल सगळं वाचून काढलं आणि राजारामपुरीतल्या एका दुकानात जाऊन फ्रीझरचं झाकण सरकवलं.

एका पिशवीवर २१/२५, दुसरीवर ६१/७०. दुसरी बरीच स्वस्त. शेजारी एक पांढरी टोपीवाले काका उभे होते. ते म्हणाले, "एकसष्ट-सत्तर घ्या. आकडा दांडगा तर माल दांडगा. वर स्वस्त!"

म्हटलं, काका, हा आकडा नगांचा आहे. एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये किती कोळंब्या बसतात, तो.

"म्हंजे आकडा वाढला की कोळंबी बारकी हुतीय?"

"होय."

"शाळंत नंबर येतो तसं," ते म्हणाले आणि त्यांचं समाधान झालं.

माझं झालं नव्हतं. पिशवी अडीचशे ग्रॅमची, भाव रुपयात, दुकान कोल्हापूरचं, मग पौंड कशाला? तर आपल्या कोळंबीचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका, म्हणून हिशेब तिकडचा. आंध्रातले तळेवाले तीच कोळंबी किलोला किती नग अशी मोजतात. कोळंबीही मूळची इथली नाही. पिशवीवरची 'व्हनामी' प्रशांत महासागराच्या पलीकडच्या किनाऱ्यावरची. २००९ साली तिला आपल्याकडे तळ्यात वाढवायची परवानगी मिळाली.

मग अक्षरं. 'पीडी' म्हणजे सोललेली आणि पाठीतला काळा धागा काढलेली. 'पीयूडी' म्हणजे सोललेली, पण धागा जागेवर. त्या एका 'यू'पायी घरी गेल्यावर सुरी कुणाच्या हातात येते, हे मला चांगलं ठाऊक असल्यानं मी ती पिशवी हळूच परत ठेवली. 'आयक्यूएफ' असेल तर प्रत्येक नग सुटा गोठवलेला. पिशवी कानाशी धरून हलवायची, आत खुळखुळलं पाहिजे. गोळा झाला असेल तर माल मध्येच कुठंतरी वितळून पुन्हा गोठलाय असं समजावं. मी तीन-चार पिशव्या कानाशी धरून हलवल्या. दुकानातल्या पोरानं जवळ येऊन विचारलं, "साहेब, बरं वाटतंय न्हवं?"

खरा घोळ बर्फाचा. कोळंबी सुकू नये म्हणून तिच्यावर बर्फाचा पातळ थर चढवतात, त्याला ग्लेझ म्हणतात. थर हवाच, पण वजन तो वगळून लिहिलंय का हे बघायचं. नाहीतर कोळंबीच्या भावानं पाणी. घटकांत ४५१ आकडा दिसला तर तो फॉस्फेट. ते कोळंबीच्या अंगात पाणी धरून ठेवतं आणि कढईत तेच पाणी सुटून कोळंबी आक्रसते. खाटकानं असं काही केलं असतं तर आमच्या पेठेत दोन दिवस तोच विषय चालला असता.

आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत ॲलर्जीची सूचना: यात कवचधारी जलचर आहेत. म्हणजे कोळंबीत कोळंबी आहे! एवढं एकच वाक्य पिशवीवर सरळ लिहिलेलं होतं.

काकांनी हे सगळं मनापासून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ह्याचा तांबडा रस्सा हुतो का?"

"होतो की. कांदा-लसूण चटणी घातली की झाला."

"मग बारकीच दे रे पोरा. रश्शात कोण मोजतंय!"

आमच्या घरी मात्र मोजणार होते. २१/२५च्या अडीचशे ग्रॅममध्ये बारा-तेरा नग. ताटं सात, त्यातलं एक मेहुण्याचं. मी आणखी दोन पिशव्या उचलल्या.