वॉरम पर्सी प्लेगने एका रात्रीत संपलं? काहीही!

अर्धा मनोरा ढासळलेल्या चर्चचा फोटो आणि खाली "1349 च्या प्लेगमध्ये एका रात्रीत ओस पडलेलं गाव, चर्च तेव्हापासून असंच पडीक, मुडदे उठतील म्हणून लोक प्रेतं जाळायचे", ही पोस्ट सगळीकडे फिरतेय. फोटो खरा आहे, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचं वॉरम पर्सी, चर्च सेंट मार्टिनचं. बाकी बरीचशी फेकाफेक.

आधी ते एका रात्रीचं बघू. प्लेग आला, माणसं मेली, मान्य. पण 1368 मध्येही तिथे 30 च्या आसपास घरांत लोक राहत होते, गाव रिकामं झालं ते 1500 च्या सुमाराला. कारण काय, तर मेंढ्या! लोकरीला भाव आला, मजूर मिळेनात, मग जमीनदारांना शेतीपेक्षा कुरण परवडायला लागलं. 1517 मध्ये सरकारी चौकशी झाली त्यात बॅरन हिल्टन या जमीनदाराने इथली चार घरं आणि चार नांगर बंद पाडल्याची नोंद आहे. प्लेगवर ढकललं की जमीनदार सुटतो, म्हणून मला ही पोस्ट जास्त खटकली.

चर्च तेव्हापासून पडीक? अहो, शेवटची प्रार्थना 1949 ला झाली! गाव गेलं तरी पॅरिश, म्हणजे या चर्चच्या हद्दीतला परिसर, राहिला ना, थिक्सेनडेलसारख्या आसपासच्या वस्त्यांचे लोक लग्नाला, दफनाला इथेच यायचे, 1870 मध्ये थिक्सेनडेलला स्वतःचं चर्च झालं तेव्हा मात्र इथली वर्दळ घटली. मनोरा कोसळला तो 1959 मध्ये. आणि फोटो नीट झूम करून बघा, भिंतीत दगडांनी बुजवलेल्या कमानी दिसतील. लोकसंख्या वाढली तेव्हा भिंत फोडून, खांब आणि कमानी घालून बाजूला जास्तीची जागा काढली होती, पुढे माणसं कमी झाल्यावर ती पाडली आणि कमानी चिणून टाकल्या, म्हणजे गाव हळूहळू आटलं हे त्या भिंतीतच दिसतंय की.

राहिली हाडं. ही भानगड पूर्ण खोटी नाहीये, सुरीच्या खुणा असलेली आणि जळालेली हाडं खरंच सापडली, 2017 मध्ये त्यावर संशोधनही आलं, आणि मृतांनी उठू नये म्हणून हे केलं असावं असा अंदाज त्यात आहे. पण ती किमान दहा जणांची, गावातल्या एका खड्ड्यातली, आणि अकराव्या ते चौदाव्या शतकातली, म्हणजे बरीचशी प्लेगच्या आधीची. चर्चच्या आवारात साधेपणाने पुरलेले जवळपास 700 सांगाडे निघाले, त्यांचा फोटो कोण कशाला फॉरवर्ड करेल!