नेलपॉलिश टिकत नाही? बाटलीला नावं ठेवण्याआधी नखाकडे बघा

"चांगल्या कंपनीचं घेतलं, तरी तिसऱ्या दिवशी टवके उडाले की!" बेळगावात खडे बाजारातल्या कुठल्याही फॅन्सी स्टोअरच्या काउंटरवर हे वाक्य ऐकायला मिळतं. माझं मत सरळ आहे, कुणाला राग आला तरी चालेल. बहुतेक वेळा दोष बाटलीचा नसतोच. नखात मुरलेलं पाणी, नखावर राहिलेलं तेल आणि लावणारीचा जाड हात, ही खरी तीन कारणं. महागडी बाटली यातलं एकही दूर करत नाही. उलट नीट लावलं तर शंभर रुपयांच्या आतली पाच मिलीची बाटलीसुद्धा आठवडा काढते.

आधी पाणी. नख घट्ट दिसतं, पण ते पाणी शोषतं. भांडी घासून, कपडे धुवून किंवा आंघोळ करून आल्यावर ते किंचित फुगलेलं असतं. त्यावर लगेच रंग लावला की थोड्या वेळात नख सुकून आक्रसतं, वरचा पापुद्रा मात्र तेवढा आक्रसत नाही. मग टोकाला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि टवका तिथूनच उडतो. म्हणून पाण्यातलं काम झाल्यावर निदान तासभर थांबायचं. कोमट पाण्यात हात बुडवून, पुसून लगेच रंग लावायची पार्लरची पद्धत बघायला छान, टिकायला वाईट.

दुसरं तेल. केसांना चोपडलेलं खोबरेल, फोडणीचे शिंतोडे, हाताला लावलेलं क्रीम, सगळं नखाच्या कडेला जाऊन बसतं आणि साबणाने पूर्ण जात नाही. कापसाला रिमूव्हर लावून प्रत्येक नख एकदा पुसायचं, दोन्ही कडा आणि टोकाच्या खालची बाजूसुद्धा. नखावर आधीचा रंग नसला तरी पुसायचं. रिमूव्हर साधा अ‍ॅसिटोनचा हवा. 'मॉइश्चरायझिंग' लिहिलेल्या रिमूव्हरमध्ये तेल असतं, म्हणजे काढायला निघालो तेच परत लावलं. पुसल्यानंतर नखाला बोट लावायचं नाही, केसांत हात घालायचा नाही.

आता लावण्याकडे वळू. बाटली जोरजोरात हलवायची सवय सोडा, त्याने आत हवा शिरते आणि नखावर बुडबुडे येतात. दोन तळव्यांमध्ये वीसेक सेकंद फिरवली की पुरे. पहिला थर बेस कोटचा, म्हणजे रंगाखालच्या पारदर्शक थराचा, पातळ. तो एक-दोन मिनिटं सुकू द्या. मग ब्रश बाटलीच्या गळ्यावर एका बाजूने पूर्ण पुसायचा आणि दुसऱ्या बाजूला एक छोटा थेंब ठेवायचा. तो थेंब नखाच्या मध्यावर, मुळापासून जरा पुढे टेकवायचा, ब्रश हलकेच मुळाकडे ढकलायचा आणि केसभर जागा सोडून थांबायचं. तिथून टोकापर्यंत एक फटका मधून, एक डावीकडून, एक उजवीकडून. तीनच. चौथ्या-पाचव्यांदा ब्रश फिरवला की अर्धवट सुकलेला रंग ओढला जातो आणि चरे पडतात. रंग कातडीला लागला तर तिथून पापुद्रा सुटतोच, म्हणून केसभर जागेचा हट्ट.

पहिल्या थरात नख आरपार दिसेल, दिसू द्या. दोन-तीन मिनिटांनी दुसरा थर. फिकट रंगांना तिसरा लागतो. तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा लवकर सुकतात, कारण जाड थराची वरची साय आधी धरते आणि आतला द्रावक, म्हणजे रंग पातळ ठेवणारा आणि सुकताना उडून जाणारा द्रव, अडकून बसतो. रात्री नऊला लावलं आणि सकाळी नखावर चादरीचे वळ उठले, याचं कारण तेच. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवायचा उपाय फक्त वरची साय घट्ट करतो, आत सगळं तसंच मऊ राहतं.

शेवटी टॉप कोट, रंगावरचा पारदर्शक थर. क्विक ड्राय टॉप कोट असेल तर खालचा रंग पूर्ण सुकायची वाट बघायची नाही, दोन मिनिटांत लावायचा. थेंब जरा मोठा घ्यायचा आणि ब्रश रंगावर न घासता थेंबच पुढे सरकवायचा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बेस, रंग आणि टॉप, तिन्ही वेळा नखाच्या टोकाच्या धारेवरून ब्रश आडवा फिरवायचा. टवके नेहमी टोकाकडूनच उडतात. शिवाय क्विक ड्राय टॉप कोट सुकताना थोडा आक्रसतो आणि टोक झाकलं नसेल तर रंगाला मागे ओढतो. दर दोन-तीन दिवसांनी टॉप कोटचा एक पातळ हात दिला की चमकही परत येते आणि धारही झाकली जाते.

डाव्या हाताने उजवा हात रंगवताना थरथर होत असेल तर मनगट टेबलावर टेकवा आणि ब्रश स्थिर धरून रंगवायचं बोट फिरवा. यापलीकडे त्यात काही गुपित नाही.

आता आपल्या पावसाचं. इथे जून ते सप्टेंबर हवेत किती ओल असते ते बेळगाव-खानापूरकरांना सांगायला नको. या दिवसांत नेलपॉलिशवर कधीकधी पांढुरकी धुरकट झाक येते आणि लोक म्हणतात माल जुना निघाला. तसं नसतं. नेलपॉलिशचा पापुद्रा धरतो नायट्रोसेल्युलोज, आणि तो इथाइल अ‍ॅसिटेट, ब्युटाइल अ‍ॅसिटेट अशा द्रावकांत विरघळवलेला असतो. द्रावक भराभर उडतो तेव्हा पापुद्रा थंड होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि पांढरं दिसतं. फर्निचरला एनसी लॅकर मारणाऱ्या कारागिराला विचारा, भर पावसात काम का टाळतो ते तो सांगेल. 'एनसी' म्हणजे हेच नायट्रोसेल्युलोज. उपाय सोपा आहे. उघड्या खिडकीशी बसू नका, पंखा बंद ठेवा, थर आणखी पातळ घ्या. हलकी झाक आली असेल तर टॉप कोटने बहुधा निघून जाते.

बाटली फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात दिला गेला असेल. साडेसातशे मीटर उंचीवरच्या बेळगावला त्याची गरज नाही. थंडगार बाटलीतला रंग घट्ट होतो आणि ब्रशला दोरीसारखा ओढला जातो.

पाण्या-पावसाइतकाच आपला दुसरा शत्रू हळद. पांढरं, बदामी किंवा फिकट गुलाबी लावून पातळ आमटीत भात कालवला की टोकं पिवळी झालीच म्हणून समजा. हळदीतलं कर्क्युमिन टॉप कोटमध्ये मुरतं, घासून जात नाही. साबण लावला तर क्षणभर लालसर दिसेल, कारण कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं; घाबरायचं कारण नाही. पण कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. हात थोडा वेळ उन्हात धरले तर डाग फिका पडतो. तरी राहिला तर रंग काढून पुन्हा लावणं आलं, वरून नवा टॉप कोट मारून डाग झाकत नाही. लग्नघरातल्या मुलींनी म्हणूनच हळदीच्या दिवशी नखं कोरी ठेवावीत किंवा मरून, वाईन असं गडद काही लावावं. पांढऱ्या टोकांचं फ्रेंच हळद उतरल्यावर.

मेंदीचं गणित उलटं आहे. नखाला लागलेली मेंदी उतरत नाही, वाढून पुढे जाते. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलीमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत पूर्ण बदलायला पाच-सहा महिने. मेंदी लावायच्या आधी नखांवर पारदर्शक बेस कोटचे दोन हात द्या, सुकलेली मेंदी हातावरून काढली की रिमूव्हरने पुसा, नखं स्वच्छ.

संग्रहाबद्दल माझा एक आग्रह आहे. रंग बघून नाही, फिनिश बघून गोळा करा. लाल रंगाच्या चौदा बाटल्या सहज होतात आणि नखावर त्यातल्या अकरा एकसारख्या दिसतात. त्यापेक्षा एक लाल क्रीम, म्हणजे सपाट चमकदार, एक लाल जेली, आरपार, काचेच्या गोळीसारखा, एक शिमर, बारीक चमचमत्या कणांचा, एक ड्युओक्रोम, जो हात तिरका केला की दुसरा रंग दाखवतो. या चौघी खऱ्या वेगळ्या. मॅग्नेटिकमध्ये लोहाचे कण असतात. शेवटचा थर ओला असतानाच लोहचुंबक नखापासून तीन-चार मिलीमीटरवर दहा-पंधरा सेकंद धरायचा, रेघ उमटते. उशीर झाला तर कण हलत नाहीत. थर्मल पॉलिश बोटाच्या उबेवर रंग बदलतं. नख पुढे वाढलेलं असेल तर टोक थंड राहून दोन रंग एकत्र दिसतात, आणि आपल्या डिसेंबरच्या पहाटे ते सगळ्यात भारी खुलतं. होलोवर, म्हणजे होलोग्राफिक पॉलिशवर, इंद्रधनुष्य दिसायला मात्र थेट ऊन लागतं. आषाढात मंगाईच्या जत्रेला होलो लावून वडगावला निघालात तर नखं नुसती करडी दिसतील.

मॅट, म्हणजे बिनचमकीचा, टॉप कोट आमच्याकडच्या स्वयंपाकघराला मानवत नाही, हेही सांगून टाकते. चार पोळ्यांची कणीक मळली की तेलाने मधे मधे चमकायला लागतो.

साडीला जुळवताना साडीच्या अंगाचा, म्हणजे मधल्या भागाचा, रंग धरू नका. इरकल असो की शहापुरी, काठाचा किंवा पदराचा रंग नखावर घ्या. हिरव्या चुड्याबरोबर हिरवं नेलपॉलिश ही माझ्या मते चूक. तिथे डाळिंबी किंवा गडद वाईन उठून दिसतं. गव्हाळ-सावळ्या हातावर चंदेरी झाक असलेला फिकट गुलाबी खडू फासल्यासारखा दिसतो, थोडी तपकिरी छटा असलेला गुलाबी घ्या.

खरेदी करताना बाटली उलटी करून बघायची. वर पाण्यासारखा पारदर्शक थर आलेला असेल तर हरकत नाही, फिरवून मिसळतो. तळाला गोळा बसून हलतच नसेल तर परत ठेवायची. ब्रश उघडून दाखवायला सांगा, "दाखव की अक्का" म्हटलं की टेस्टर निघतो. केस वाकडेतिकडे असतील तर ती बाटली नको. लेबलवर उत्पादक, लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि तारीख हवीच. जत्रेतल्या बिनलेबलच्या बाटल्यांचे रंग मलाही मोह पाडतात, पण त्यात काय घातलंय ते कुणीच सांगू शकत नाही, म्हणून त्या फक्त बघायच्या. ऑनलाइन मागवलं तर पार्सलला उशीर होऊ शकतो, कारण नेलपॉलिश ज्वलनशील मालात मोडतं आणि विमानाने पाठवायला निर्बंध असतात. याच कारणाने ते गॅसपाशी, समईपाशी किंवा पणत्या लावताना उघडू नये.

साठवण उभी, अंधारात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. निऑन रंग उजेडात फिके पडतात. दर वापरानंतर बाटलीचा गळा रिमूव्हरच्या कापसाने पुसा, नाहीतर झाकण नीट बसत नाही आणि द्रावक उडत राहतो. रंग घट्ट झाला तर नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब, फिरवा, थांबा, गरज पडली तर आणखी. रिमूव्हर कधीच ओतू नका. तो मिश्रण फोडतो, रंग फुटका-फुटका होतो आणि मग काहीही केलं तरी सुधारत नाही. मिसळायला आत गोळ्या टाकायच्या तर स्टेनलेस स्टीलच्या. सायकलच्या बेअरिंगमधल्या गोळ्या गंजतात आणि पांढऱ्याचा चहा होतो.

जेल नेलपॉलिशबद्दल विचारणाऱ्या खूप आहेत. जेल सुकत नाही, दिव्याखाली रासायनिक क्रियेने कडक होतं, म्हणून दोन-तीन आठवडे टिकतं. टिकण्याबद्दल वाद नाही. पण अर्धवट कडक झालेलं जेल कातडीला लागत राहिलं तर त्यातल्या अ‍ॅक्रिलेट या रसायनांची अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि ती सहसा आयुष्यभर सोबत राहते. जेल कडक करायला मदत करणाऱ्या टीपीओ या घटकावर युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे, तेव्हा बाटलीवरचे घटक वाचूनच होकार द्या. आणि दर तीन दिवसांनी रंग बदलायची हौस असेल तर जेल हवंच कशाला?

काढतानाही घाई नको. कापूस रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर दाबून पंधरा-वीस सेकंद धरायचा आणि मग टोकाकडे एकदाच ओढायचा. लाल आणि निळा इकडेतिकडे घासला की कडांच्या कातडीत शिरतो. ग्लिटर असेल तर कापूस नखावर ठेवून वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळायची, पाच ते दहा मिनिटं. खरवडायचं नाही, नखाचे पदर निघतात. ऑपरेशन असेल तर आधी सगळं काढूनच जा. बोटाला लावतात त्या ऑक्सिमीटरला काळा, निळा आणि हिरवा रंग अडथळा आणू शकतो. काढल्यावर नख पिवळसर दिसलं तर गडद रंगाखाली बेस कोट कमी पडला, पुढच्या वेळी दोन हात द्या. खडूसारखे पांढरे ठिपके दिसले तर रंग फार दिवस राहिला आणि वरचा पदर कोरडा पडला. नखाला श्वास वगैरे लागत नाही, त्याचं पोषण खालच्या रक्तातून होतं, पण अशा वेळी आठवडाभर नख कोरं ठेवून रात्री दोन थेंब खोबरेल चोळावं. पुढचा रंग लावायच्या दिवशी ते तेल अ‍ॅसिटोनने पुसायला विसरू नका.