माळवदाची घरं अजून उभी आहेत, त्यांच्या भिंतींचं काय?

३० सप्टेंबर १९९३. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला की आपण पहिल्यांदा वेळेला दोष देतो. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गाव गाढ झोपलेलं, पहाटेचे चार वाजत आलेले. वेळ वाईट होती हे खरंच. पण ६.२ च्या आसपासचे भूकंप जगात दरवर्षी शंभरेक होतात आणि प्रत्येक वेळी जवळपास दहा हजार माणसं जात नाहीत. इथे माणसं दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या सपाट छताच्या, मातीखाली गेली. त्याच गावांतल्या कुडाच्या, छपराच्या झोपड्या बऱ्याच तगल्या. गरिबाचं घर वाचलं आणि वाडा बसला, हे नीट समजून घ्यायला हवं.

दोन-अडीच फुटी भिंत मजबूत वाटते, पण ती एक भिंत नसतेच. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे डबर-चिपा आणि माती. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड नसतो. हादरा बसला की मधला भराव खाली दबतो, दोन्ही थरांना बाहेर ढकलतो, भिंतीला पोट येतं आणि एक थर सरळ ढासळतो. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नसतात, तिथे उभी फट पडते. वर पांढऱ्या मातीचा दीड-दोन फुटांचा थर, कारण गळालं की नवी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. खांब-तुळयांचा सांगाडा कधी कधी उभा राहतो, पण खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरका टेका नसल्यामुळे तोही कलतो.

१९६७ ला कोयनानगरलाही दगडी घरांचे असेच हाल झाले होते. तरीही लातूरकडे कुणी पाहिलं नाही, कारण तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. ऑक्टोबर १९९२ पासून किल्लारीत धक्के बसत होते, तरी! २००२ ला झोन एक रद्द झाला आणि हा भाग तीनमध्ये आला. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, पण आसपासच्या गावांतली माळवदं तिथेच आहेत. काहींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केलाय. त्याने पोट झाकतं, थर जोडले जात नाहीत. मला याचीच जास्त धास्ती वाटते, कारण घर दुरुस्त झालंय असं घरच्यांना वाटतं.

हे घर न पाडता सुधारता येतं. आधी छताला टेकू द्या. मग माती उतरवा, आठ इंचांपेक्षा जास्त ठेवू नका आणि गळतीसाठी मातीखाली प्लास्टिकचा कागद घाला. नंतर दोन्ही थर जोडण्यासाठी भिंतीत साधारण मीटर-मीटरवर आरपार भोकं करायची, वरच्या ओळीतलं भोक खालच्याच्या थेट वर न येता. इथे हातोडा चालवायचा नाही, हादऱ्याने शेजारचे दगड सुटतात. सांध्यातली माती खरवडून, पहारीने हळूहळू हलवत एकेक दगड काढायचा. भोक मधे तीन इंच, दोन्ही तोंडांना रुंद. अर्धं १:२:४ (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीटने भरा, दोन्ही टोकांना आकडा असलेली ८ मिमी सळई ठेवा, उरलेलं भरा आणि किमान दहा दिवस पाणी मारा. पाणी मारण्यात कसूर झाली तर सगळी मेहनत फुकट.

त्यानंतर दारा-खिडक्यांच्या वर आणि छताच्या खाली वेल्डेड जाळीचा पट्टा, आतून-बाहेरून, १:३ (सिमेंट:वाळू) गिलाव्यात. पट्टा कोपऱ्यावरून सलग वळला पाहिजे. कोपऱ्यात तोडला तर तो निकामी. गवंडी तिथेच तोडतात, उभं राहून पाहा.

नवीन दगडी भिंत बांधत असाल तर जाडी दीड फुटाच्या वर नको. आरपार दगड उभ्यात दोन फुटांवर, आडव्यात चार फुटांवर, आणि दार-खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब.

पैसे कमी असतील तर छताची माती आधी उतरवा, मग जिथे लोक झोपतात त्या खोलीच्या भिंती धरा. मृगाच्या आधी उरका, उघडं माळवद पावसात सापडलं तर ओल थेट तुळयांत उतरते.