म्युझियममध्ये इतिहासाचा काय उपयोग म्हणे!

आज एका इंटरव्ह्यूला बसायची वेळ आली (बसायची म्हणजे फायली पुढे सरकवायला, निर्णय आमच्या हातात थोडीच असतो). समोर एक मुलगी, इतिहासात एमए. पॅनलवरचे एक साहेब तिची फाईल न उघडताच म्हणाले, "म्युझियममध्ये इतिहासाचा काय उपयोग? आम्हाला डेटाबेस चालवणारी माणसं पाहिजेत." बाकीचे हसले. ती पण कसनुसं हसली. मी गप्प बसले, आणि आता घरी येऊन त्याचाच राग इथे काढतेय.

अहो साहेब, त्या डेटाबेसमध्ये भरायचं काय ते कोण ठरवणार?

मी नोकरीला लागले त्या पहिल्याच महिन्यात स्टोअरमध्ये एक पितळी होकायंत्र हातात आलं. लेबल होतं 'दर्यावर्दीचे होकायंत्र, १८वे शतक'. मी सहज उलटं केलं तर तळाला बारीक अक्षरात 'मेड इन इंग्लंड'. आता अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव टाकायची सक्ती केली १८९० च्या टॅरिफ कायद्यात, असले छाप सर्रास दिसायला लागतात ते त्या सुमारापासून, मग १८व्या शतकातल्या खलाशाकडे हे आलं कुठून? ॲक्सेशन रजिस्टर (म्युझियममध्ये आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंदवही) काढलं. तिथे नुसतं 'जुने होकायंत्र, भेट'. म्हणजे शतक नंतर कुणीतरी लेबल लिहिताना चिकटवलेलं! हे मला कुठल्या सॉफ्टवेअरने नाही सांगितलं. एमएची दोन वर्षं आमच्याकडून एवढंच घोटून घेतलं होतं, की कागद समोर आला की आधी विचारायचं, कुणी लिहिला, कधी लिहिला, कशासाठी लिहिला.

आणि त्या 'भेट' शब्दावर तर मी तासभर बोलू शकते. कुणी दिली, त्याच्याकडे कुठून आली? बेनिनची ब्राँझं (आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्यातली धातूची शिल्पं) १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने लुटून नेली, पुढे ती हातोहात विकली गेली आणि कितीतरी म्युझियमच्या वह्यांत साधी 'खरेदी' किंवा 'भेट' म्हणून जाऊन बसली. तो एक शब्द उकलायला इतिहासच लागतो. आणि नोंदी नीट नसल्या की काय होतं? ब्रिटिश म्युझियममधून २,००० च्या आसपास वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या निघाल्या हे २०२३ मध्ये बाहेर आलं, त्यातल्या बऱ्याचशा धड कॅटलॉगच झालेल्या नव्हत्या. डायरेक्टरला जावं लागलं. डेटाबेस काय कमी होता का तिथे?

बरं, साहेबांचं अगदीच चुकीचं नाही, एवढं मान्य करते. कारण होकायंत्राची गोष्ट मी नेहमी अर्धीच सांगते. ते उलटं केलं ना, ते उघड्या हाताने, वरच्या कडीला धरून. स्टोअरचे काका धावत आले. "मॅडम, कडी आधी तुटते! खालून धरायचं, दोन्ही हातांनी, बाळ धरतो तसं. आणि ग्लोव्हज कुठायत? घामाचे ठसे पितळ खातात." काकांकडे कुठलीही डिग्री नाही. कापडाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको, हवेतला दमटपणा वरखाली झाला की लाकूड तडकतं, कंडिशन रिपोर्टमध्ये (वस्तू कुठल्या अवस्थेत आहे त्याची नोंद) ओरखडा कसा मोजून लिहायचा, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले.

इथे मला राग येतो तो विद्यापीठांचा. दोन वर्षांत एक वस्तू हातात देत नाहीत हो! दोनशे पानांचा प्रबंध लिहून घेतात, आणि इथे आल्यावर साठ शब्दांचं लेबल लिहायचं असतं, जे एखादं दहा वर्षांचं पोर उभ्या उभ्या वाचेल. माझं पहिलं लेबल तीनशे शब्दांचं झालं होतं, त्यातही संदर्भ दिले होते. हसा.

पण हात लावायचा कसा हे काकांनी दोन महिन्यांत शिकवलं. लेबलवर शंका घ्यायला असं दोन महिन्यांत कोण शिकवतं, सांगा. त्या मुलीला एवढं तरी बोलायचं होतं मला, जमलं नाही. तिचं काय झालं ते अजून कळलेलं नाही.

होकायंत्राचं लेबल बदलायला अकरा महिने लागले, तो वेगळाच किस्सा. आता त्यावर आहे 'विसाव्या शतकाचा पूर्वार्ध, बहुधा'. 'बहुधा' काढा, बरं दिसत नाही, असा वरून दोनदा निरोप आला. मी काढलेला नाही.